न बोलणाऱ्या लेकराचे घर आणि आपला धम्म



वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. कारंजा (घाडगे) तालुक्यातील एका विहारात दोन वर्षांपूर्वी हे वाचन माझ्याकडे होते. एका संध्याकाळी एक माय आपल्या मुलाला घेऊन आली आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसली. मुलगा सोळा वर्षांचा, बापाएवढा उंच. तो बसल्या जागी पुढे-मागे झुलत होता आणि घशातून एकच सूर काढीत होता. मध्येच दोन्ही कान हातांनी दाबी, मध्येच स्वतःच्या कपाळावर मूठ मारून घेई. लोक वळून वळून पाहू लागले. मी वाचन थांबविले आणि म्हणालो, “ताई, त्याला जरा बाहेर घेऊन बसता का?” ती चटकन उठली. “हो भाऊ, आमी जातो,” एवढेच बोलली आणि गेली.

त्या दिवशी मी कोणते प्रकरण वाचत होतो ते आज मला आठवत नाही. ती माय एका हाताने मुलाचे मनगट धरून दुसऱ्या हाताने चपला शोधत होती, एवढे मात्र आठवते. वर्षावास संपला, अशोक विजयादशमी झाली, ती पुन्हा विहारात आली नाही. ती का येत नाही, हे विचारायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. चार महिन्यांनी मी गेलो. त्या घरी जे पाहिले आणि ऐकले, त्यावरूनच आजचे हे प्रवचन आहे.

नागपूर-अमरावती महामार्गापासून आत गेलेल्या एका खेड्यात त्यांचे घर. बाप संत्र्याच्या बागेत मजुरीला जातो. घरातली थोरली मुलगी नववीत असताना शाळेतून निघाली, कारण माय कामाला गेली की भावाकडे पाहायला घरात कोणी नाही. खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती. मायने ती माझ्यापुढे रिकामी केली. दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, अर्धे भरलेले अर्ज, झेरॉक्स, मुदत संपलेला एक दाखला. “हा कागद नाही, तो आणा. साहेब सुटीवर आहे, बुधवारी या. मुलाला सोबत आणा.” मुलाला सोबत आणायचे म्हणजे त्याला एस.टी.त बसवायचे. गर्दी आणि हॉर्न त्याला सहन होत नाहीत, तो ओरडतो, लोक उतरवून देतात. एकेका चकरेत दोन माणसांची मजुरी बुडते. तिसऱ्या की चौथ्या चकरेनंतर त्यांनी जाणे सोडून दिले. पिशवी खुंटीला लागली ती लागलीच.

ती माय म्हणाली, “भाऊ, ह्याले कुठी दुखते ते ह्याले सांगता येत नाही अन् मले समजत नाही. मी मेल्यावर ह्याले कोन पाहीन?”

बंधूंनो, या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात, दवाखान्यात ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञाने तिचे प्रथम सविस्तर वर्णन केले. सर्वांची स्वमग्नता सारखी नसते. कोणी बोलतात, शिकतात, नोकरीही करतात. परंतु ज्यांची अवस्था तीव्र असते ते बोलत नाहीत किंवा चार-दोन शब्दच बोलतात. त्यांना विस्तव, विहीर आणि रस्ता यांचे भय कळत नाही. रोजचा क्रम मोडला की ते कासावीस होतात. झोप कमी असते, पुष्कळांना फेफरेही येते. अशा माणसाला चोवीस तास कोणीतरी जवळ लागते, आणि हे बालपणापुरते नव्हे, जन्मभर. २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने अशा व्यक्तींसाठी वेगळे नाव सुचविले, ते याचसाठी की बोलत्या-चालत्यांच्या गर्दीत यांची गरज झाकली जाऊ नये.

आता पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, हे कोणाचे पाप? त्या घरी हा प्रश्न सर्वांनी विचारला होता. सासरच्यांनी मायला विचारला, माहेरच्यांनी बापाला. एका नातेवाइकाने सांगितले, मागच्या जन्मीचे देणे आहे, फेडल्याशिवाय सुटका नाही. मग अंगारा झाला, नवस झाला, दोन बकऱ्या विकल्या गेल्या. आणि हे घर बौद्धांचे आहे बरे! भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे.

मी त्यांना दोष देत नाही. रात्र-रात्र न झोपणारे लेकरू मांडीवर घेऊन बसणाऱ्याला कोणीही काहीही सांगावे आणि त्याने ते करावे, असे त्याचे दिवस असतात. परंतु आपण, जे बाहेर उभे राहून ‘पूर्वजन्मीचे भोग’ असे पुटपुटतो, त्यांनी थोडे आठवावे. आपल्या आज्यापणज्यांना काय सांगण्यात आले होते? तुम्ही गावकुसाबाहेर आहात ते मागच्या जन्मीच्या पापाने. पाणी मिळत नाही ते पापाने, अक्षर शिकायचे नाही तेही पापाने. हेच विष आपल्याला पाजण्यात आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढले. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, ही शिकवण बुद्धाची असू शकत नाही, हे त्यांनी आपल्या ग्रंथात बजावून सांगितले आहे. जे विष आपण स्वतः ओकून टाकले, तेच आता एका न बोलणाऱ्या लेकराच्या तोंडात ओतायचे काय?

खुद्द तथागतांनाही हा प्रश्न विचारला गेला होता. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, आपले मत काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, अपघात अशी अनेक कारणे मोजून दाखविली आणि सांगितले की, सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे चुकतात. पंचवीसशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे. दुःख दिसले की कारण शोधा, पाप शोधू नका, ही बुद्धाची रीत.

शिकलेल्या देशांनीही ही चूक केली, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेत एके काळी मोठमोठे डॉक्टर सांगत की, आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी त्यावर जाड ग्रंथ लिहिला. हजारो आया जन्मभर स्वतःला दोष देत राहिल्या. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालीच हे मत खोडून काढले होते. तो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसले की ही अवस्था बहुतांशी जन्मजात, मेंदूच्या घडणीतली आहे. आईच्या मायेचा त्यात दोष नाही, तिच्या जेवणाखाण्याचा नाही, ग्रहणाचा नाही. लस टोचल्याने होते अशीही एक आवई उठली होती. ज्या लेखाने ती उठविली तो १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला.

मग आपल्याकडे अशी घरे कशी जगतात? याचा शोध कोणी घेतला आहे काय? घेतला आहे, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात. तेथील ‘संगाथ’ या संस्थेच्या डॉक्टर गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या आईबापांना आणि त्यांच्याशी संबंध येणाऱ्या लोकांना भेटून त्यांचे अनुभव नोंदविले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे की, घरात असे मूल आहे हे कळल्यावर कुटुंब आधी लोकांतून अंग काढून घेते. लग्नाला जात नाही, सणाला जात नाही. बाहेर अपमान होतो म्हणून दार लावून घेते. पुढे काळाने, कोणी आधार दिला तर, ते पुन्हा हळूहळू माणसांत येते. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदविली, ती माझ्या जिव्हारी लागली. या घरांची गरज काय आहे याची जाण डॉक्टरांना कमी आहे, शिक्षकांना कमी आहे, आणि धर्माचे काम करणाऱ्यांनाही कमी आहे. या अज्ञानाचा भुर्दंड पैशाने आणि मनाने ते कुटुंब भरते.

धर्माचे काम करणारे! म्हणजे कोण? त्या संध्याकाळी ग्रंथ हातात घेऊन बसलेला मी.

उपासक हो, आता विनयपिटकातील एक प्रसंग सांगतो. तथागत आनंदाला सोबत घेऊन भिक्षूंच्या निवासातून फिरत होते. एका खोलीत एक भिक्षू अतिसाराने पडलेला, स्वतःच्याच मलमूत्रात लोळत होता. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही का? तो म्हणाला, नाही. का करीत नाहीत? तर तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघ जमवून ते म्हणाले की, भिक्षूंनो, येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर तुमचे करणार कोण? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

स्वमग्नता हा अतिसारासारखा बरा होणारा रोग नव्हे, हे खरे. पण त्या भिक्षूचे दुःख नुसत्या रोगाचे नव्हते. ‘मी कोणाच्या उपयोगी नाही’ म्हणून तो एकटा पडला होता, हे त्याचे मोठे दुःख होते. आणि आपण? आपण जुने देव सोडले, जुने विधी सोडले, पुष्कळांची जुनी सोयरीकही सुटली. आपल्याला संघाशिवाय कोण आहे? मग संघातलेच एक घर चपलांजवळून उठून गेले तर ते कोठे जाईल? ते बुवाच्या दारी जाईल, दलालाच्या दारी जाईल, नाहीतर दार लावून बसेल.

शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत, हे त्याच ठिकाणी तथागतांनी सांगितले आहे. ते भिक्षूंसाठी सांगितले असले तरी मी ते आपल्या वस्तीसाठी लावून पाहतो.

पहिला गुण, औषध तयार करता आले पाहिजे. स्वमग्नता समूळ घालविणारे औषध आज कोठेही नाही. फेफऱ्याला, झोपेला, अनावर चिडीला औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत. ‘मूळपेशी टोचून बरे करतो’ म्हणून लाखो रुपये मागणारे भेटतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो स्वमग्नतेवरचा मान्य उपचार नाही, त्यासाठी वावर विकू नका. मग येथे औषध कोणते? शिकवण, सवय आणि हक्काचा आधार हे औषध. आणि ते मिळविण्याची वाट माहीत असणे हीच औषध तयार करण्याची कला. ती वाट अशी आहे.

मूल लहान असेल तर अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ही तपासणी होते आणि तेथून पुढच्या तपासणीसाठी पाठविले जाते. निदानासाठी वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे मोठी रुग्णालये आहेत. त्यानंतर दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत ते स्पष्ट लिहिले गेले. म्हणून कोणी ‘हे अपंगत्व नाही’ असे म्हटले तर मान खाली घालून परत येऊ नका. ४० प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी आहे, त्यात १५३ च्या वर गुण गेले तर अवस्था तीव्र समजतात. म्हणून विचारतील तेव्हा लाजून काही लपवू नका. मुलाला ‘थोडेफार जमते’ असे अभिमानाने सांगितले की दाखल्यावर टक्के कमी पडतात, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेले तर पुष्कळ हक्क हातचे जातात. दाखल्यावर मुदत असेल तर ती भिंतीवर लिहून ठेवा.

दाखला झाला की तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावा. दिव्यांगांना तिच्यातून महिना १५०० रुपये मिळत, ते २५०० करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे, आणि शिकवणीच्या उपचारांचा खर्चही त्यात येतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते. ग्रामसभेत उठून ती विचारा. ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. मूल शाळेत बसूच शकत नसेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे घरी शिक्षण मागता येते. आणि ‘मी मेल्यावर कोण?’ या प्रश्नालाही कायद्यात एक दार आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून त्याचा कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आईबाप हयात आहेत तोवरच हे करून घ्यावे.

ही वाट सांगायला पाच मिनिटे लागली. चालायला त्या मायला पाच वर्षे पुरली नाहीत. का? तिला अक्कल नाही म्हणून नव्हे. एका हाताने लेकरू धरायचे की कागद धरायचे, हा तिचा प्रश्न होता. सोबत दुसरा माणूस असता तर तिची पिशवी खुंटीला लागली नसती.

दुसरा गुण, काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखता आले पाहिजे. आजारी माणूस आपले दुखणे नीट सांगत नसेल तर त्याची शुश्रूषा कठीण जाते, हेही तथागतांनी तेथेच सांगितले आहे. हे लेकरू तर बोलतच नाही. ते डोके आपटते तेव्हा आपण म्हणतो, वेड लागले. कदाचित दाढ दुखत असेल, कान फुटला असेल, पोट साफ नसेल. आधी ते पाहा. त्याच्या कानाला आवाज आपल्यापेक्षा किती तरी मोठा लागू शकतो. १४ एप्रिलला आपली मिरवणूक त्याच्या दारावरून जाते, तेव्हा आपला जल्लोष त्याला मारासारखा लागतो. त्या घरापुढे शंभर पावले वाजंत्री बंद ठेवली तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही, वाढेल.

येथे चूळपंथक भिक्षूची गोष्ट आठवते. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या भावाने, जो स्वतः भिक्षू होता, त्याला विहारातून जायला सांगितले. तो रडत दाराशी उभा असता तथागतांनी त्याला परत आत नेले. पुन्हा गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हाती दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. त्यातूनच तो शिकला. याचा अर्थ प्रत्येक मूल एके दिवशी बरे होऊन बोलेल असा घेऊ नका, फसाल. अर्थ इतकाच की, शिकणाऱ्याला शब्द जमत नसतील तर शिकविणाऱ्याने रीत बदलावी. चित्र दाखवून पाणी मागायला शिकवावे, रोजचा क्रम एकच ठेवावा, एक काम लहान-लहान तुकड्यांनी शिकवावे. यासाठी प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच लागतो असे नाही. गोव्यातील आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ६५ मुलांवर एक प्रयोग झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकविले, आणि आईबाप व मूल यांच्यातील देवाणघेवाण सुधारली. आपली बारावी झालेली मुले-मुली हे शिकू शकणार नाहीत काय?

तिसरा गुण, मैत्रीने करावे, लाभासाठी नव्हे. दाखला काढून देतो म्हणून हजार रुपये घेणारा आपल्याच समाजाचा असतो, हे सांगताना मला लाज वाटते. साडी-चोळी देऊन मायचा फोटो काढणारेही आहेत. तिला साडी नको आहे. तिला बुधवारी सकाळी सोबत येणारा माणूस हवा आहे.

चौथा गुण, मलमूत्राची, लाळेची, ओकारीची किळस येता कामा नये. सोळा वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालणे, त्याचे कपडे बदलणे हे आता मायच्या ताकदीबाहेर गेले आहे. तेथे पुरुषाचा हात लागतो. आपल्यातील किती पुरुष आठवड्यातून एक दिवस जातील? स्वतः तथागतांनी पाणी ओतले, मग आपले हात कोणत्या जातीचे आहेत? आणि एखाद्या घरी लेकराला दोरीने बांधून ठेवलेले दिसले तर आधी शिव्या देऊ नका. दोघे मजुरीला गेले तर त्याला विहिरीपासून कोण राखील, हे आधी विचारा, आणि एक प्रहर तुम्ही राखा. पण भूत काढतो म्हणून कोणी लेकराला बांधीत असेल, मारीत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तेथे गप्प बसू नका.

पाचवा गुण, वेळ पाहून धम्माचा शब्द बोलून मनाला उभारी देता आली पाहिजे. वेळ पाहून! लेकरू ओरडत असताना उपदेश नको. पाणी भरून द्या, भाकरी टाका, त्या थोरल्या बहिणीला दोन तास मोकळे करा. मग बसा आणि सांगा की माय, हे तुझे पाप नाही. आमच्या वस्तीत हा शब्द त्या मायला पहिल्यांदा सांगितला गेला, तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “हे मले सोळा वर्सांत कोनी म्हनलं नव्हतं.”

बंधू-भगिनींनो, आपण सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि प्रज्ञा, शील, करुणेने जगण्याची प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. प्रज्ञा म्हणजे कारण जाणणे आणि वाट जाणणे. शील म्हणजे त्या घराला लुबाडू न देणे, हिणवू न देणे. करुणा म्हणजे सोबत चालणे. यापैकी एक जरी सुटले तरी बाकीची दोन लंगडी पडतात. वाट माहीत असून सोबत न जाणारा त्या मायच्या कामाचा नाही, आणि वाट माहीत नसताना नुसता हळहळणाराही नाही.

आमच्या विहारात आता दोन माणसे नेमली आहेत, एक उपासक आणि एक उपासिका. ती पिशवी खुंटीवरून निघाली. दाखल्याची मुदत वाढवून मिळाली, पण त्यासाठीही तीन चकरा झाल्या. अनुदानाचा अर्ज गेला आहे, पैसे अजून आलेले नाहीत. थोरली मुलगी दहावीला बाहेरून बसणार आहे. मुलगा अजून बोलत नाही. सर्व ठीक झाले असे खोटे सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. फरक एवढाच झाला की ते घर आता एकटे चालत नाही.

तुमच्या विहारातही अशी दोन माणसे नेमा. आपल्या वस्तीत, शेजारच्या खेड्यात, दार लावून बसलेले असे घर आहे काय, याचा शोध घ्या. माणसे लपवितात, म्हणून विचारताना मायेने विचारा. वर्षावासाच्या वाचनाला त्या घराला आधी बोलवा. लेकरू सूर काढील, झुलेल, मध्येच उठेल. वाचणाऱ्याने आवाज हळू करावा आणि वाचत राहावे. ऐकणाऱ्यांनी वळून पाहू नये.

गेल्या वर्षावासात ती माय पुन्हा आली. सवयीने चपलांजवळच बसू लागली. आमच्या एका म्हाताऱ्या उपासिकेने तिचा हात धरून तिला आत, भिंतीलगत बसविले आणि मुलाच्या हाती त्याचा आवडता फडक्याचा तुकडा दिला. त्याने सूर काढला. मी वाचत राहिलो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!